चिठ्ठी, पाकीट आणि चाकू: ऑपरेशनची परीक्षा कोण घेतं?

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना निसटलेली नावं आणि आकडे इथे निवांत वाचता येतील.)

आजचा भाग मेडिकल इतिहासाचा आहे, पण घाबरू नका, डॉक्टरकीचं काहीही माहीत नसलं तरी चालेल.

एक साधा प्रश्न घेऊन सुरू करू. नवीन गोळी बाजारात आणायची असेल तर कंपनीला आधी ती माणसांवर तपासून दाखवावी लागते, सरकारची परवानगी लागते. मग नवीन ऑपरेशनचं काय? एखाद्या सर्जनला नवी पद्धत सुचली, त्याने ती दहा पेशंटवर केली, दहाही घरी चालत गेले. ती पद्धत बरोबर आहे हे कोण ठरवणार? बराच काळ याचं उत्तर होतं, ‘तो सर्जनच ठरवणार.’ औषधासारखी सक्तीची परीक्षा ऑपरेशनला नव्हतीच. ही परीक्षा कशी आली, तिला किती विरोध झाला आणि ती परीक्षा कधी कधी स्वतःच कशी कच्ची निघाली, ते आज बघू.

हॉलस्टेडचं ऑपरेशन

अमेरिकेत बाल्टिमोर शहरात जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल आहे. तिथे १८९० च्या दशकात विल्यम हॉलस्टेड नावाचे सर्जन होते. माणूस अफाट हुशार, हात अतिशय स्वच्छ. स्तनाच्या कॅन्सरवर त्यांनी एक मोठं ऑपरेशन रूढ केलं. पूर्ण स्तन काढायचा, खालचा छातीचा स्नायू काढायचा आणि काखेतल्या गाठीही साफ करायच्या. यामागचा त्यांचा तर्क असा: कॅन्सर एका जागी सुरू होतो आणि तिथून पायरीपायरीने बाहेर सरकतो. मग जितकं लांबपर्यंत कापाल तितकी बाई वाचेल.

१८९४ मध्ये त्यांनी ५० पेशंटचा अहवाल छापला. ऑपरेशनच्या जागी गाठ परत आली फक्त ३ जणींना, म्हणजे ६ टक्के. त्या काळी युरोपातल्या नामांकित सर्जनांचे आकडे होते ५१ ते ८२ टक्के. आता तुम्हीच सांगा, हे वाचल्यावर कोण शंका घेईल?

पण जरा थांबा. या तुलनेत दोन भोकं आहेत. पहिलं म्हणजे, तुलना झाली ती दुसऱ्या देशातल्या, दुसऱ्या सर्जनांच्या, वेगळ्या पेशंटशी. त्या बायकांचा आजार आधीच जास्त पुढे गेलेला असेल तर? दुसरं भोक जास्त मोठं आहे. गाठ त्याच जागी परत न येणं आणि बाई जगणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅन्सर आधीच हाडात, फुप्फुसात गेला असेल तर छाती कितीही साफ करा, त्याचा काय उपयोग?

या ऑपरेशनची किंमत बायका मोजत होत्या. छाती खोलगट व्हायची, खांदा नीट उचलता यायचा नाही, हात सुजून जड व्हायचा, तोही आयुष्यभर. आणि हे एखाद दुसरं वर्ष नाही, तब्बल सत्तर-ऐंशी वर्षं चाललं.

विरोधी आवाज नव्हते असं नाही. लंडनच्या सेंट बार्थोलोम्यूज हॉस्पिटलमध्ये जेफ्री केन्स नावाचे सर्जन होते. अर्थशास्त्रवाले जॉन मेनार्ड केन्स माहीत आहेत ना? त्यांचे सख्खे धाकटे भाऊ. १९२० च्या दशकात ते छोटं ऑपरेशन करून रेडियम वापरत होते. त्यांचे पेशंटही मोठ्या ऑपरेशनवाल्यांइतकेच जगत होते. पण त्यांच्याकडेही चिठ्ठ्या टाकून केलेली तुलना नव्हती. मग वाद कशावर यायचा? माझा अनुभव विरुद्ध तुझा अनुभव. आणि अशा वादात ज्याचं नाव मोठं, तो जिंकतो.

बंद पाकिटाची युक्ती

आता येऊ १९४० च्या दशकात. ब्रिटनमध्ये क्षयरोगावर स्ट्रेप्टोमायसिन हे नवं औषध तपासायचं होतं. औषध थोडं आणि पेशंट भरपूर. आकडेशास्त्रज्ञ ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी पद्धत बसवली. कुणाला औषध द्यायचं हे डॉक्टरने ठरवायचंच नाही. ते ठरणार यादृच्छिक आकड्यांवरून, म्हणजे आपल्या भाषेत चिठ्ठ्या टाकून. आणि ती चिठ्ठी बंद पाकिटात. पेशंट ट्रायलमध्ये घेतल्यावरच पाकीट फोडायचं.

१०७ पेशंट होते. औषधवाले ५५, नुसती विश्रांती घेणारे ५२. सहा महिन्यांत औषधवाल्यांपैकी ४ गेले आणि दुसऱ्या गटातले १४. विषय संपला.

यात चिठ्ठीइतकंच पाकीट महत्त्वाचं आहे, हे लक्षात ठेवा. समजा मी डॉक्टर आहे. पुढच्या पेशंटला औषध मिळणार नाही हे मला आधीच कळलं, तर मी काय करीन? फारच आजारी माणूस आला तर म्हणीन, ‘याला नंतर घेऊ.’ माझा हेतू वाईट नसेल, दयाच असेल. पण त्या दयेने तुलना मोडते. म्हणून नुसत्या चिठ्ठ्या टाकून भागत नाही. पुढची चिठ्ठी कुणालाही दिसता कामा नये.

रँडमाइज्ड कंट्रोल्ड ट्रायल, म्हणजे आरसीटी, म्हणतात ती हीच.

चाकूचा प्रश्न वेगळा का?

गोळीची ट्रायल सोपी असते. खरी गोळी आणि साखरेची गोळी सारखीच दिसते. पण ऑपरेशनचं काय? सर्जनला तर दिसतंच की आपण काय केलं. पेशंटला टाके दिसतात. आणि ऑपरेशन झालं, या भावनेतच फार ताकद असते. भूल, पांढरे दिवे, आठवडाभराची काळजी, घरच्यांची धावपळ, झालेला खर्च. इतकं सगळं झाल्यावर ‘बरं वाटतंय’ असं वाटणारच.

याचा पहिला जोरदार पुरावा १९५० च्या दशकाच्या शेवटी मिळाला. अमेरिकेत तेव्हा छातीत दुखणाऱ्या हृदयरुग्णांवर एक सोपं ऑपरेशन गाजत होतं. छातीच्या आतल्या बाजूने जाणाऱ्या दोन धमन्या बांधायच्या, म्हणजे ते रक्त हृदयाकडे वळेल, अशी कल्पना. पेशंट खूश होते, मासिकांत कौतुक छापून येत होतं.

सिएटलचे लेनर्ड कॉब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १७ पेशंट घेतले. सगळ्यांच्या छातीवर छेद दिला. मग ओटीमध्ये सर्जनच्या हातात पाकीट. ८ जणांच्या धमन्या बांधल्या. ९ जणांच्या बांधल्याच नाहीत, फक्त टाके घातले. निकाल १९५९ मध्ये आला. दोन्ही गटांत फरक नाही! पुढच्याच वर्षी ग्रे डायमंड यांच्या गटाने १८ पेशंटवर तेच केलं. त्यांच्यातल्या ५ जणांना नुसता छेद दिला होता. पाचही जण म्हणाले, आम्हाला बरं वाटतंय.

गाजत असलेलं ते ऑपरेशन पुढे बंदच पडलं. विचार करा, पस्तीस माणसांत ते झालं.

पण याची काळी बाजूही सांगायला हवी. सिएटलच्या पेशंटना एवढंच सांगितलं होतं की या ऑपरेशनचं मूल्यमापन चाललंय. काही जणांना खोटा छेद मिळेल, हे सांगितलं नव्हतं. आज कुठलीही एथिक्स कमिटी असं चालू देणार नाही. आकड्यांच्या हिशेबात चांगली असलेली ट्रायल माणुसकीच्या हिशेबात नापास होऊ शकते.

पिट्सबर्गचा हट्टी माणूस

आता पुन्हा स्तनाच्या कॅन्सरकडे. पिट्सबर्गचे सर्जन बर्नार्ड फिशर यांना हॉलस्टेडचा तर्क पटत नव्हता. त्यांचं म्हणणं, कॅन्सर पायरीपायरीने सरकत नाही, तो लवकरच रक्तातून अंगभर जाऊ शकतो. मग छातीवर जास्त कापून फायदा नाही. पण ते नुसतं म्हणत बसले नाहीत. त्यांनी १९७१ मध्ये ट्रायल सुरू केली. नाव बी-०४, अमेरिका आणि कॅनडातली बरीच हॉस्पिटलं त्यात होती आणि एकूण १,६६५ बायका. कुणाला हॉलस्टेडचं मोठं ऑपरेशन, कुणाला फक्त स्तन काढणं, हे चिठ्ठीवर.

विरोध केवढा झाला असेल! आपण पेशंटला जे सर्वोत्तम समजतो ते द्यायचं की नाही, हे चिठ्ठी ठरवणार? अनेक सर्जनांना हे पापच वाटलं.

१९७६ मध्ये फिशर आणखी पुढे गेले. बी-०६ या ट्रायलमध्ये तीन गट होते: पूर्ण स्तन काढणं, फक्त गाठ काढणं, आणि गाठ काढून वर रेडिएशन. इथे पेशंट मिळेनात. ‘तुमचा स्तन राहील की जाईल हे चिठ्ठी ठरवेल,’ असं पेशंटला सांगणं सर्जनलाच जमेना. मग पद्धत बदलली. आधी चिठ्ठी काढायची आणि मग पेशंटला सांगायचं, तुमच्या वाट्याला हे आलंय, मान्य आहे का? नोंदणी वाढली. पण या पद्धतीवरही टीका झालीच, कारण गट ठरल्यावर नकार देण्याची वाट उघडी राहते. म्हणजे बघा, ऑपरेशनच्या ट्रायलमध्ये एक अडचण सोडवायला गेलं की दुसरी उभी.

निकालांचा वीस वर्षांपर्यंत पाठपुरावा झाला. बी-०६ मध्ये १,८५१ बायका होत्या. तिन्ही गटांतल्या बायका सारख्याच प्रमाणात जगल्या. फक्त गाठ काढलेल्यांपैकी ३९.२ टक्के जणींना त्याच स्तनात गाठ परत आली. रेडिएशन घेतलेल्यांत हे प्रमाण १४.३ टक्के. याचा अर्थ, स्तन वाचवता येतो, पण रेडिएशन टाळू नका. ‘कापायचं की नाही’ या भांडणातून इतकं नेमकं उत्तर कुणाच्याही अनुभवातून निघालं नसतं. इटलीत मिलानला उंबेर्तो वेरोनेसी यांनी ७०१ बायकांवर स्वतंत्र ट्रायल केली होती. तिचंही उत्तर तेच.

आणि मग घोटाळा! मॉन्ट्रियलमधल्या एका सर्जनने बायका ट्रायलमध्ये बसाव्यात म्हणून काही नोंदी खोट्या केल्याचं उघड झालं. १९९४ मध्ये हे वर्तमानपत्रात आलं. अमेरिकेत खळबळ. ज्या बायकांनी या निकालावर विसंबून स्तन ठेवला होता, त्यांच्या पायाखालची जमीन सरकली. फिशरना त्या संस्थेच्या प्रमुखपदावरून काढलं. मग त्या हॉस्पिटलचे सगळे आकडे वगळून हिशेब नव्याने केला. निकाल जसाच्या तसा! १९९७ मध्ये पिट्सबर्ग विद्यापीठाने फिशर यांची माफी मागितली.

ट्रायल का टिकली? एक म्हणजे ती एका माणसाच्या किंवा एका हॉस्पिटलच्या भरवशावर नव्हती. आणि दुसरं, दुसऱ्या देशात कुणीतरी तेच स्वतंत्रपणे तपासलं होतं.

परीक्षाच कच्ची असेल तर?

फिशर यांचं काम अपवाद होतं. १९९६ मध्ये ‘द लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय साप्ताहिकाचे संपादक रिचर्ड हॉर्टन यांनी सर्जरीतल्या संशोधनावर लेख लिहिला. शीर्षकातच विचारलं होतं, हे संशोधन आहे की विनोदी संगीतनाटक? सर्जनना झोंबलं ते. पण मुद्दा खरा होता. बरेचसे लेख ‘माझे इतके पेशंट, इतके बरे झाले’ या हॉलस्टेडच्याच वळणाचे होते.

आणि नावापुढे आरसीटी लावलं म्हणून ट्रायल चांगली होत नाही. कुठे गळती होते ते बघा.

पहिली गळती पाकिटात. १९९५ मध्ये केनेथ शुल्झ आणि सहकाऱ्यांनी २५० ट्रायल तपासल्या. चिठ्ठी नीट लपवलेली नव्हती तिथे उपचाराचा फायदा सरासरी ३० ते ४० टक्के फुगलेला दिसला. शुल्झ यांनी डॉक्टरांच्या क्लृप्त्याही लिहून ठेवल्या आहेत. कुणी पाकीट दिव्यासमोर धरून आत काय आहे ते बघायचं, कुणी एकदम तीन-चार पाकिटं फोडून हवं ते निवडायचं. शाळेत पेपर फोडतात ना, अगदी तसंच.

दुसरी गळती म्हणजे ट्रायलच्या बाहेर कोण राहिलं. मेंदूला रक्त मिळावं म्हणून कवटीबाहेरची धमनी आतल्या धमनीला जोडायचं एक अवघड ऑपरेशन १९६७ मध्ये झुरिकला गाझी याशारगिल यांनी पहिल्यांदा केलं. जगभर ते पसरलं. १९८५ मध्ये १,३७७ पेशंटच्या ट्रायलचा निकाल आला: पक्षाघात टळत नाही. सर्जनांनी आक्षेप घेतला की ज्यांना खरा फायदा झाला असता अशा अनेकांवर ट्रायलच्या बाहेरच ऑपरेशनं झाली. आक्षेप बिनबुडाचा नव्हता. पण गंमत अशी की त्यांना बाहेर ठेवणारे सर्जनच होते!

तिसरी गळती सर्जनच्या हातात. गोळी सगळीकडे सारखी असते, हात सारखे नसतात. नवशिक्याने केलेलं ऑपरेशन फसलं तर दोष कुणाचा, ऑपरेशनचा की हाताचा? १९८५ च्या त्याच ट्रायलचे प्रमुख हेन्री बार्नेट यांनी पुढे मानेतली धमनी साफ करण्याच्या ऑपरेशनची ट्रायल घेतली, तेव्हा याची काळजी घेतली. आधीच्या दोन वर्षांत किमान ५० ऑपरेशनं केलेले आणि ज्यांच्या पेशंटमध्ये पक्षाघात किंवा मृत्यूचं प्रमाण ६ टक्क्यांपेक्षा कमी आहे असेच सर्जन घेतले. १९९१ मध्ये निकाल आला. धमनी ७० टक्के किंवा जास्त अरुंद झालेल्या ६५९ पेशंटमध्ये, दोन वर्षांत त्या बाजूचा पक्षाघात नुसत्या औषधांवर २६ टक्के आणि ऑपरेशन केलेल्यांत ९ टक्के. म्हणजे चांगली ट्रायल ऑपरेशनला फक्त पाडायला येत नाही, ती त्याला पासही करते.

आणि चौथी गळती तीच जुनी, पेशंटच्या मनात. २००२ मध्ये ह्यूस्टनच्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलातून गुडघ्याची ट्रायल आली. झिजलेल्या गुडघ्यात दुर्बीण घालून साफसफाई करायचं ऑपरेशन तेव्हा सर्रास व्हायचं. ब्रूस मोझली यांनी १८० पेशंटचे तीन गट केले. एका गटाचा गुडघा साफ केला, एकाचा फक्त धुतला, एकाला नुसते छेद. दोन वर्षांनी तिघांचं दुखणं सारखंच. या वेळी मात्र प्रत्येक पेशंटने आधी स्वतःच्या हाताने लिहून दिलं होतं की मला कदाचित खोटं ऑपरेशन मिळेल. १९५९ ची चूक इथे दुरुस्त झाली. तरी प्रश्न उरलेच: सगळी ऑपरेशनं एकाच सर्जनची, पेशंट जवळपास सगळे पुरुष. मग हाच निकाल आजीच्या गुडघ्याला लावायचा का? वाद चालला, मग इतर ट्रायल झाल्या, आणि झिजेसाठी ही साफसफाई मागे पडत गेली.

हा धागा मुंबईत येतो

हॉलस्टेडपासून निघालेला हा प्रश्न आपल्या परळच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलपर्यंत येतो. आपल्याकडे अनेक बायका फार उशिरा येतात, कॅन्सर अंगात पसरल्यावर. मग तेव्हाही स्तनातली मूळ गाठ काढावी का? ‘निदान गाठ तरी काढून टाका,’ असं घरच्यांना वाटणं साहजिक आहे. डॉ. राजेंद्र बडवे यांच्या गटाने अशा ३५० बायकांवर ट्रायल केली. २०१५ मध्ये निकाल छापला. ऑपरेशन आणि रेडिएशन केलेल्या निम्म्या बायका १९.२ महिने जगल्या, न केलेल्या निम्म्या २०.५ महिने. म्हणजे आयुष्य वाढलं नाही. जास्त कापलं म्हणजे जास्त जगलं असं नाही, हे शंभर वर्षांनी पुन्हा एकदा.

त्याच गटाची दुसरी ट्रायल २०२३ मध्ये आली. कॅन्सर लवकर सापडलेल्या १,६०० बायका, भारतातली ११ केंद्रं. निम्म्या बायकांना ऑपरेशनच्या ७ ते १० मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन टोचलं, म्हणजे साधं बधिर करायचं औषध, स्वस्त आणि पेटंट नसलेलं. पाच वर्षांनी हयात बायकांचं प्रमाण ८६.४ टक्क्यांवरून ९०.१ टक्के. या ट्रायलमध्ये खोटं इंजेक्शन नव्हतं, म्हणजे कुणाला काय मिळालं ते सर्जनना माहीत होतं. ही उणीव मोजायलाच हवी. पण इथे मोजमाप ‘बरं वाटतंय का’ याचं नव्हतं, जगणं-मरणाचं होतं, आणि तो आकडा मनाच्या समजुतीने सहज हलत नाही. तरीही दुसऱ्या देशात कुणीतरी हेच पुन्हा करून बघितलं पाहिजे. फिशर टिकले त्याचं अर्धं श्रेय मिलानला होतं.

मग आपण काय करायचं?

उद्या घरात कुणाला ऑपरेशन सांगितलं तर व्हॉट्सॲपवर आरसीटी शोधत बसू नका आणि डॉक्टरांशी भांडू तर मुळीच नका. अपेंडिक्स फुटलं असेल तर चर्चा करायला वेळच नसतो. पण तातडी नसेल तर तीन प्रश्न शांतपणे विचारता येतात. ऑपरेशन केलं नाही तर काय होईल? केलेल्यांची आणि न केलेल्यांची नीट तुलना झाली आहे का? आणि डॉक्टर, तुम्ही स्वतः हे किती वेळा केलंय? चांगले डॉक्टर यावर चिडत नाहीत.

हॉलस्टेड वाईट माणूस नव्हते. त्यांना मनापासून खात्री होती, आणि त्यांच्यानंतरच्या हजारो सर्जनांनाही होती. पण त्या खात्रीची किंमत ज्या बायकांनी मोजली त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पुढे तीच बाजू तपासता आली ती अशा बायकांमुळे, ज्या १९७१ मध्ये म्हणाल्या, ‘काढा माझी चिठ्ठी.’ त्यांची नावं आपल्याला माहीत नाहीत. आज गाठ काढून, स्तन राखून घरी जाणारी प्रत्येक बाई त्यांच्यामुळे जाते.

आजच्यासाठी इतकंच. घरात कुणाचं ऑपरेशन ठरत असेल तर हा भाग त्यांना जरूर ऐकवा.